मोजणीच्या गावात स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी या परिषदेला आलेल्या आपणा सर्व संशोधकांचं पुण्यात मनःपूर्वक स्वागत करतो.

ॲप आणि संकेतस्थळं लोक कशी वापरतात, हे आकड्यांनी तपासणं हा आपला व्यवसाय. त्यासाठी पुण्याइतकं योग्य गाव मला दुसरं सुचत नाही. १९३० साली इथे गोखले संस्था उभी राहिली आणि पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. इथून जवळच, साताऱ्याकडच्या बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा नमुना पाहणीवरचा १९५४ चा ग्रंथ तर संख्याशास्त्रज्ञांनी जगभर अभ्यासला.

अशा पाहणीसाठी घरोघर फिरणाऱ्या अन्वेषकाला कुलूप लावलेलं घर दिसतं आणि त्याची नोंद करावी लागते. ॲपच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, म्हणजे आपल्या लॉगमध्ये मात्र जो आला, त्याचीच खूण उमटते. मला आज बोलायचं आहे ते याबद्दल.

एक उदाहरण घ्या. अनुदानाचा अर्ज मोबाइलवर भरायचा आहे. बाई गावात, आणि नोंदवलेला नंबर शहरात नोकरी करणाऱ्या मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो कामावर, फोन उचलत नाही; उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. दोनतीनदा हेच झाल्यावर बाई नाद सोडते. आता अर्ज पूर्ण करणाऱ्यांचाच वेळ मोजला, तर ती सरासरीत येतच नाही. उलट अशी अडलेली माणसं गळत गेली, की सरासरी वेळ कमी होतो आणि अर्ज सोपा झाला असा अहवाल जातो. गणितात कुठेही चूक नसते, तरी निष्कर्ष साफ खोटा असतो.

तरीही आकड्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. २०१२ मध्ये बिंग या शोधयंत्रावर जाहिरातीचं शीर्षक लांबवण्याची, कित्येक महिने मागे पडलेली एक कल्पना शेवटी चाचणीला लावली गेली आणि महसूल १२ टक्क्यांनी वाढला. जाणकारांचे अंदाज चुकतात; म्हणूनच आपली गरज आहे. जॉन ब्रुक यांची १९८६ मधली वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची ‘सस’ मापनपट्टी किंवा गूगलमधल्या केरी रॉडन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली, वापरकर्त्याचा अनुभव मोजण्याची ‘हार्ट’ चौकट, ही साधनं आपण रोज वापरतो. हार्टच्या पाच घटकांत काम तडीस जाणं हा घटक मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मोजायला बसलं की अर्धवट सोडणाऱ्यांकडे पाहावंच लागतं. कुठल्या पडद्यावर सोडलं, किती वेळा प्रयत्न केला, परत आले का, हे तक्त्यात घ्यायला फार खर्च येत नाही. आणि शंका आली, तर मुलाखत घेणाऱ्या सहकाऱ्याला सोबत घेऊन सरळ त्या माणसांकडे जावं.

तरुण कार्यकर्त्यांनी गेले काही महिने या परिषदेसाठी मनापासून राबून तयारी केली आहे. काही उणीव भासली, तर त्यांना हक्काने सांगा.

माझी एकच विनंती आहे. इथे प्रत्येक निबंध ऐकल्यावर वक्त्याला एक प्रश्न जरूर विचारा: या आकड्यात कोण आलेलं नाही? आणि वक्त्यांनीही त्याचं उत्तर तयार ठेवावं.