रात्री अपडेट, सकाळी नेट गायब

घरचं आवरून, भाकरी थापून, कुणी शेतात जाता जाता तर कुणी गटाच्या बैठकीत बसून आमचं ऐकत असाल. आज कागद-पेन जवळ ठेवा. गटाची लिहिणारी ताई असेल तर तिला पुढं बसवा. आज बोलायचंय लॅपटॉपवर. काल संध्याकाळपर्यंत नेट चालू होतं, रात्री लॅपटॉपनं अपडेट घेतलं आणि सकाळी नेट नाही, अशा वेळी काय करायचं, ते सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, हे पोरांचं काम, आपल्याला काय करायचंय? पण आता बचत गटाचं निम्मं काम लॅपटॉपवर आलंय. ग्रामसंघाचे हिशेब, बँक जोडणीचे प्रस्ताव, सभासदांची माहिती, पीक विम्याचे अर्ज, सगळं त्याच्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायला गावोगावी केवढी झुंबड उडाली होती, ते तुम्ही पाहिलंय. त्या दिवसांत एक लॅपटॉप बंद पडला तर रांगेतल्या सगळ्या बायांचा दिवस वाया, मजुरी बुडाली, वर येण्या-जाण्याचं भाडं गेलं. म्हणून नेट बंद पडणं ही फक्त पोरांची अडचण राहिलेली नाही, ती आपलीपण आहे.

आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाचं उदाहरण सांगतो. बँकेत प्रस्ताव पाठवायचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर होता. सकाळी लॅपटॉप उघडला तर वाय-फायचं चिन्हच नाही. बायांनी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं, चालेना. रिचार्ज संपला असेल म्हणून नवा रिचार्ज मारला, तरी चालेना. मग दुकानात नेला. तिथं सांगितलं, आतलं कार्ड जळालंय, नवीन टाकावं लागेल, लॅपटॉप आठ दिवस ठेवून जा. तेवढ्यात गटातल्या एकीनं विचारलं, "दादा, काल रात्री ह्यानं अपडेट घेतलं होतं. त्याच्यानं तर झालं नसेल ना?" जुना ड्रायव्हर परत लावला आणि पंधरा मिनिटांत नेट सुरू झालं. कार्ड चांगलंच होतं. एका प्रश्नानं गटाचे पैसे वाचले आणि प्रस्तावही वेळेत गेला.

आता हा ड्रायव्हर म्हणजे कोण? एसटीचा नव्हे. आपल्याकडं धर्माबादच्या मिरची बाजारात बघा, आपला शेतकरी मराठी बोलतो, खरेदीला आलेला व्यापारी तेलुगू बोलतो. मधे एक माणूस लागतो ज्याला दोन्ही भाषा येतात. तो नसला तर मिरची चांगली असून, व्यापाऱ्याकडं पैसा असूनही सौदा होत नाही. लॅपटॉपमध्येही तसंच. एका बाजूला विंडोज, म्हणजे लॅपटॉप चालवणारी मुख्य व्यवस्था. दुसऱ्या बाजूला वाय-फायचं छोटं कार्ड, जे हवेतून नेट पकडतं. ह्या दोघांच्या मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो एक छोटा प्रोग्राम असतो. अपडेटमध्ये कधी कधी जुना दुभाषी काढून नवा पाठवला जातो. नव्याला त्या कार्डाची भाषा नीट आली नाही, तर कार्ड चांगलं असून, रिचार्ज असूनही नेट येत नाही. हॉटस्पॉट लावूनही उपयोग होत नाही, कारण हॉटस्पॉट पकडणारं कार्डच मुकं झालेलं असतं.

असं फक्त आपल्याच लॅपटॉपला होतं असं समजू नका. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉप वाय-फायला जोडले जाईनात. परदेशातल्या विद्यापीठांमधूनही तक्रारी आल्या. शेवटी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं अडचण मान्य करून अपडेटमधला तेवढा बदल मागं घेतला. १९ जुलै २०२४ ला तर क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. त्या दिवशी आपल्या देशातल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले पास द्यावे लागले. मोठ्या मोठ्या इंजिनिअरांचीही गाडी अडते. तेव्हा "मीच काहीतरी दाबलं असेल" म्हणून कुणी ताईनं स्वतःला दोष देत बसू नये.

आता काय करायचं ते क्रमानं लिहून घ्या. हे विंडोज १० आणि ११ साठी आहे.

पहिलं, दोष कुठं आहे ते पाहा. त्याच वाय-फायवर किंवा हॉटस्पॉटवर दुसरा मोबाइल जोडून बघा. मोबाइलवरही नेट येत नसेल तर दोष लॅपटॉपचा नाही, रेंजचा किंवा रिचार्जचा आहे. मोबाइलवर येतंय आणि लॅपटॉपवर येत नाही, तरच पुढं चला.

दुसरं, एअरप्लेन मोड चालू झालाय का बघा. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली जिथं घड्याळ दिसतं, त्याच्या शेजारच्या नेटच्या चिन्हावर दाबलं की विमानाचं चिन्ह दिसतं. पुष्कळ लॅपटॉपवर वरच्या बटणांच्या ओळीतही विमान नाहीतर वाय-फायचं चिन्ह असतं. पुसताना, उचलताना ते दाबलं जातं. तिथंच तारीख आणि वेळही बघून घ्या. तारीख चुकलेली असेल तर नेट असूनही बँकेच्या आणि सरकारी साइट उघडत नाहीत.

तिसरं, लॅपटॉप रिस्टार्ट करा. शटडाऊन नाही, रिस्टार्ट. हा फरक मोठा आहे. बहुतेक लॅपटॉप शटडाऊन केल्यावर पूर्ण बंद होत नाहीत. पुन्हा लवकर सुरू व्हावं म्हणून आतली अर्धी मांडामांड तशीच जपून ठेवतात. त्यामुळं बिघडलेला ड्रायव्हरही तसाच परत उभा राहतो. रिस्टार्ट केलं की सगळं मोडून नव्यानं मांडलं जातं. कितीतरी वेळा एवढ्यानंच काम होतं.

चौथं, ड्रायव्हर तपासा. खालच्या स्टार्ट बटणावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल, त्यात 'डिव्हाइस मॅनेजर' आहे. ते उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' अशी ओळ दिसेल, तिच्यावर दोनदा दाबा. आत दोन-चार नावं असतील. ज्या नावात 'वाय-फाय' किंवा 'वायरलेस' हा शब्द आहे, ते आपलं कार्ड. त्याच्यावर पिवळा त्रिकोण दिसत असेल तर दुभाषी बिघडलाय हे समजा. पण कधी कधी त्रिकोण नसतानाही बिघाड असतो.

पाचवं, जुना ड्रायव्हर परत आणा. त्याच नावावर दोनदा दाबा, वर 'ड्रायव्हर' असं लिहिलेलं पान असेल ते उघडा. तिथं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आहे. रोल बॅक म्हणजे नव्याला घरी पाठवा, जुन्याला बोलवा. ते दाबा, कारण विचारलं तर कोणतंही एक निवडा, 'येस' म्हणा आणि लॅपटॉप रिस्टार्ट करा. लॅपटॉप पासवर्ड मागेल, म्हणून गटाच्या लॅपटॉपचा पासवर्ड एकीच्याच डोक्यात ठेवू नका.

ते बटण फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर त्याच पानावर 'अपडेट ड्रायव्हर' आहे. ते दाबून 'ब्राउज माय कॉम्प्युटर' निवडा आणि मग 'लेट मी पिक' हा पर्याय घ्या. लॅपटॉपमध्ये आधीचे ड्रायव्हर साठवलेले असतील तर त्यांची यादी दिसते. त्यातला जुना निवडा. तेही जमलं नाही तर त्याच पानावरचं 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' दाबा, पण तिथं ड्रायव्हर काढून टाकण्याची जी चौकट येते तिच्यात खूण करू नका. मग रिस्टार्ट करा. विंडोज कार्ड पुन्हा ओळखून ड्रायव्हर पुन्हा बसवतं.

सहावं, हे फार कामाचं आहे, नीट ऐका. नवीन ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे आणि नेटच नाही, मग? तर मोबाइल चार्जिंगच्या वायरनं लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट जिथं असतं तिथंच 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते चालू करा. आता नेट हवेतून न येता वायरमधून येईल आणि वाय-फायच्या कार्डाची गरजच राहणार नाही. शेवटची तारीख डोक्यावर असेल तर आधी वायरवर काम उरकून घ्या, दुरुस्ती मागून करा. दोन गोष्टी सांभाळा. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून नेट जात नाही, तेव्हा मोबाइलसोबत आलेली वायर वापरा. दुसरं, लॅपटॉपला नेट मिळालं की तो मागून मोठमोठी अपडेटं ओढू लागतो आणि दिवसाचा डेटा संपवतो. म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा.

नेट आल्यावर ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच साइटवरून. मॉडेलचं नाव लॅपटॉपच्या पाठीवर असतं. ते आजच डायरीत लिहून ठेवा.

हे सगळं करूनही यादीत वाय-फायचं नाव दिसतच नसेल, तर कार्ड सैल झालेलं किंवा खरंच खराब झालेलं असू शकतं. तेव्हा दुकानात न्या. पण जाताना तीन गोष्टी बोला. अपडेटनंतर बंद पडलं, हे आधी सांगा. जुना ड्रायव्हर लावून पाहिला का, हे विचारा. आणि आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका, हे ठासून सांगा. फॉरमॅट मारलं की गटाचे हिशेब, फोटो, ठरावांच्या प्रती सगळं पुसलं जातं. वाय-फायच्या बिघाडासाठी फॉरमॅटची गरज क्वचितच पडते. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा आणि पक्की पावती घ्या. ह्यात लाजायचं काही नाही. पिठाच्या गिरणीत आपण वजन बघून घेतो, तसंच हे.

आता एक धोक्याची गोष्ट. नेट बंद पडलं की घाबरून माणूस मोबाइलवर मदतीचा नंबर शोधतो. तिथं लबाड लोक जाळं टाकून बसलेले असतात. "मी कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका, आम्ही इथूनच लॅपटॉप बघतो," असं म्हणतात. ॲप टाकलं की आपला पडदा त्यांच्या हातात जातो आणि गटाचं बँक खातंही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर लाल अक्षरात नंबर आला तर तो लावू नका. ओटीपी कुणालाच सांगू नका. पैसे गेलेच तर तासभरही न थांबता १९३० ह्या नंबरवर फोन करा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी तो देशभर चालतो. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवायची आशा जास्त.

मग अपडेट घ्यायचंच नाही का? काही दुकानदार सांगतात, कायमचं बंद करून टाका. तसं करू नका. चोरांना घरात शिरायला ज्या फटी सापडतात, त्या अपडेटनं बुजतात. विंडोज १० ला तर कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून ज्यांच्याकडं विंडोज १० आहे त्यांनी आपला लॅपटॉप ११ वर जातो का, हे विचारून घ्यावं. अपडेट घ्यावं, पण वेळ आपण ठरवावी. विंडोज अपडेटच्या पानावर 'पॉज' असा पर्याय आहे. प्रस्तावाची, हिशेबाची तारीख जवळ असेल तर एक आठवड्यासाठी ते थांबवून ठेवा. काम झालं की चालू करा. अपडेट चालू असताना लाईट जाते हे आपल्याकडं नवीन नाही. तेव्हा बॅटरी भरलेली असल्याशिवाय अपडेट सुरू करू नका, आणि चालू असताना झाकण लावू नका.

शेवटी एक विनंती. बऱ्याच गटांत लॅपटॉप एकाच मुलीच्या हातात असतो. तिचं लग्न झालं, ती सासरी गेली, की लॅपटॉप कपाटात जातो. मग पुतण्याला बोलवा, त्याची वाट बघा, त्याचा चहा करा. त्याच्यापेक्षा येत्या बैठकीत लॅपटॉप मधोमध ठेवा. नेट चांगलं चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडून आपलं वाय-फायचं कार्ड कोणतं ते तिघी-चौघींनी बघून घ्या. बटणांची नावं इंग्रजीत आहेत, ज्यांना ती वाचता येत नाहीत त्यांनी चिन्ह आणि जागा ओळखायला शिका. वायर लावून यूएसबी टेदरिंग एकदा करून पाहा. लॅपटॉपचं मॉडेल, पासवर्ड कुणाकुणाकडं आहे, आणि १९३० हा नंबर, एवढं इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून अध्यक्षांकडं ठेवा.

बैठकीत करून बघितलं आणि कुठं अडलं, तर ते लिहून आमच्याकडं पाठवा. पुढच्या वेळी तुमच्या अडचणी घेऊनच बोलू. तोवर रामराम.