राक्षसाचा जीव कुठे आहे?



मघाशी मी विंगेत डोकावलो. कोळीनृत्याच्या मुली डोक्यावर टोपल्या घेऊन तयार उभ्या होत्या. एकीने विचारलं, "डॉक्टरकाका, तुमचं भाषण किती वेळ?" मी म्हटलं, "पंधरा मिनिटं." तिने मागे वळून हुकूम सोडला, "टोपल्या खाली ठेवा गं." तेव्हापासून माझा एक डोळा घड्याळाकडे आहे.

पनवेलात माझा मुलांचा दवाखाना आहे, त्याला २८ वर्षं झाली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी सुई टोचलेली आहे. माझं नाव पुकारल्यावर टाळ्या जरा कमीच का पडल्या, ते मला कळलं. मुख्याध्यापिका बाईंनी विषय दिला होता ‘वाचनाचे महत्त्व’. तो मी बदलून घेतला. महत्त्व पटल्यामुळे कुणी वाचायला लागल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पालेभाजीचं महत्त्व मी रोज पटवतो, त्याचा निकाल तुमच्या डब्यात दिसतो.

दवाखाना काढला तेव्हा बाहेरच्या बाकड्याजवळ मी एक लहानसं कपाट ठेवलं. त्यात सगळी उपयोगाची पुस्तकं. बाळाचा आहार, लसीकरण, दातांची निगा. सहा महिन्यांत त्या पुस्तकांवर धूळ बसली. एक पुस्तक मात्र सारखं जागेवरून हलायचं, कारण बाकड्याचा पाय लंगडा होता आणि लोक ते त्याखाली सरकवायचे. पुढे आमच्या मुलीची जुनी पुस्तकं घरात मावेनात, म्हणून बायकोने एक खोकं दवाखान्यात आणून टाकलं. चांदोबाचे अंक, किशोरचे अंक, जादूगार, बोलणारी झाडं, आणि एक कव्हर गेलेलं राक्षसाचं पुस्तक. आठ दिवसांत खोकं फाटलं. बाकड्यावरची रडारड निम्मी झाली. एकदा तर नंबर पुकारला तरी आई आत येईना. मुलगा तापलेला, आणि ती म्हणते, "एवढं पान होऊ दे डॉक्टर."

त्या राक्षसाच्या पुस्तकाची शेवटची आठ पानं नाहीत. ती कुणी फाडली ते आजवर सापडलेलं नाही. गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेलीच आहे. राक्षसाचं मुंडकं उडवलं की ते परत धडाला जुळतं, कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नाहीच. तो दुसरीकडे कुठेतरी लपवलेला आहे. राजपुत्र बिचारा तलवार परजून दमतो. मग राजकन्या राक्षसाशी गोड बोलून विचारते, "तुझा जीव आहे तरी कुठे?" राक्षस सांगायला तोंड उघडतो, आणि तिथेच आमचं पुस्तक संपतं.

हे पुस्तक मी हजार वेळा तरी मुलांच्या हातात पाहिलं असेल. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं की राजकन्या जे करते तेच मी आत खुर्चीत बसून करतो. कधीपासून ताप आहे, पाणी कुठलं पितो, घरात अजून कोण आजारी आहे? आम्ही त्याला हिस्टरी घेणं म्हणतो. रोगाचा जीव कुठे लपलाय ते काढून घ्यायचं. नुसती तलवार चालवली की मुंडकं परत जुळतं, हे अँटिबायोटिकचा डोस दोन दिवसांत बंद करणाऱ्या पालकांना मी वेगळं सांगायला नको.

हिवतापाचंच घ्या. शेकडो वर्षं लोक समजत होते की तो दलदलीच्या खराब हवेतून येतो. मलेरिया या शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस नावाच्या लष्करी डॉक्टरने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. सात समुद्रांपलीकडे शोधायचा पोपट आपल्याच कानाशी गुणगुणत होता. आणि हा रॉस फावल्या वेळात काय करायचा? कविता लिहायचा, अद्भुत कादंबऱ्या लिहायचा. त्या कादंबऱ्या आता कुणी वाचत नाही, ते सोडा. पण डास चिरत बसलेल्या त्या माणसाच्या डोक्यात उपयोगाचं आणि गोष्टींचं, दोन्ही कपाटं होती.

दोन कपाटांवरून मला एक घर आठवतं, आणि आज खरं तर मला त्या घराबद्दलच बोलायचं आहे. भागवतांचं घर. तिथल्या दोन बहिणी. थोरली दुर्गा, जन्म १९१०. तिच्या पाठची कमला. दुर्गाबाई भागवत मोठ्या पालकांना ठाऊक असतील. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तुरुंगात गेल्या. पण मुलांनो, तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या बाईंनी आयुष्यभर गोष्टी गोळा केल्या. आदिवासींच्या, खेड्यापाड्यांतल्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोककथा. बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या जातककथा त्यांनी मराठीत आणल्या. राक्षस, पोपट, बोलणारी माकडं हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. ज्याला घरातली मोठी माणसं ‘फालतू गोष्टी’ म्हणतात, त्याचा अभ्यास.

कमलाबाई दुसऱ्या वाटेने गेल्या. त्यांचे वडील आणि काका रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी बी.एस्सी. केलं आणि १९३३ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या आयआयएस्सीत, अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी बाईमाणूस म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि तिथे अडून बसल्या. शेवटी एक वर्ष परीक्षेवर, अटी घालून, प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करता करता त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हा पदार्थ असतो हे दाखवलं, आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या.

आता त्यांनी तिथे काय केलं ते ऐका. तुम्ही नीरा पिता ना? काचेच्या ग्लासातली थंडगार, पांढुरकी. कमलाबाईंनी ती नीरा प्रयोगशाळेत नेली. तीत जीवनसत्त्वं किती, लोह किती हे मोजलं, आणि कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिली तर फरक पडतो हे दाखवलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. म्हणजे बघा, थोरली बहीण आदिवासींच्या गोष्टींत शिरली आणि धाकटी त्यांच्या मुलांच्या रक्तात काय कमी आहे ते पाहायला गेली. कमलाबाईंनी मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली, सामान्य माणसाला कळेल अशी. आणि गंमत म्हणजे दुर्गाबाईंनीही ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं. एक ताटात काय असावं ते सांगते, दुसरी ते चवदार कसं करावं ते सांगते. आमच्या घरी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी आहेत. ‘खमंग’वर तेलाचे डाग जास्त आहेत, हे डॉक्टर म्हणून कबूल करताना मला लाज वाटते.

एक योगायोग सांगून टाकतो. दुर्गाबाईंचा वाढदिवस १० फेब्रुवारी. शाळेत जंताची गोळी वाटतात तो राष्ट्रीय जंतनाशक दिनही १० फेब्रुवारी. कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही. पण यंदा ती गोळी चघळताना एखादी लोककथाही वाचा. पोटात राहून आपलंच खाणाऱ्या राक्षसाची गोष्ट असेल तर फारच उत्तम.

आता गडचिरोलीला चला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. खेड्यांत लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनियाच्या राक्षसाचा जीव कुठे सापडतो ठाऊक आहे? श्वासाच्या आकड्यात. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, तर धोका. छातीला नळी लावायचीही गरज नाही, शर्ट वर करून पोट पाहायचं आणि मोजायचं. पण मोजणार कोण? गावातल्या दाईला लिहिता-वाचता येत नाही, मोठे आकडे मोजता येत नाहीत, मनगटावर घड्याळ नाही. तेव्हा तिच्यासाठी एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी, पाटीला असतात तसे. घड्याळ उलटं करायचं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया, औषध सुरू. मला ते साधन म्हणजे एक पुस्तकच वाटतं. एका ओळीचं, पाच-सहा मण्यांचं, ज्याला अक्षर येत नाही त्याला वाचता येईल असं. वाचक कोण आहे हे आधी पाहून लिहिलेलं.

आमच्या डॉक्टर मंडळींचा दोष इथेच आहे. आम्ही पुस्तकं लिहितो ती दुसऱ्या डॉक्टरने नावं ठेवू नयेत म्हणून. त्यात ‘अतिसारजन्य निर्जलीकरण’ असतं. जुलाबाने पोराचं अंग सुकतं, असं लिहायला आम्हाला कमीपणा वाटतो. सोपं करून सांगितलं की काय साधतं ते पाहा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरातली तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे. एवढ्या तीन ओळी. तरी आजही माझ्याकडे सुकलेलं बाळ येतं आणि बरोबरचं कुणीतरी सांगतं, "जुलाब होतायत म्हणून पाणी बंद ठेवलंय." १८७२ पासून ज्या गावात धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना आहे, त्या आपल्या पनवेलात.

पालकांनो, एक प्रसंग सांगतो आणि आवरतो. चौथीतला एक मुलगा आईबरोबर यायचा. त्याला नुकतीच बहीण झाली होती. बाकड्यावर तो राक्षस-जादूगार सोडून तान्ह्या बाळाच्या काळजीचं पुस्तक वाचत बसायचा. शेजारच्या बाईंनी ते त्याच्या हातून काढून घेतलं. "हे तुझ्या वयाचं नाही रे." त्याने निमूट दिलं, मी पुन्हा त्याच्या हातात ठेवलं आणि घरी नेऊ दिलं. चार दिवसांनी त्याची आजी आली, जरा घुश्शातच. बाळाच्या नाळेला लावायला तिने तेल-हळद कालवली, तर या पोराने वाटीवर हात ठेवला. म्हणाला, "काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची." आजी म्हणाली, "दाखव कुठे लिहिलंय." त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. "परत वाच." परत वाचलं. तीनदा वाचून घेतलं म्हणे. मग मला विचारायला आली होती, की पुस्तकात छापलंय ते खरं असतं का. मी म्हटलं, या बाबतीत खरं आहे. जाताना तिने कपाटातून चांदोबाचा जुना अंक उचलला. "हा आणू का परत?" मी म्हटलं, "आणा सावकाश."

तो अंक अजून आलेला नाही.

आता त्या फाटक्या पुस्तकाचं सांगायचं राहिलं. शेवटची पानं नसल्याने प्रत्येक मूल मला विचारतं, जीव कुठे होता? मी उलट विचारतो, तुला काय वाटतं? एक म्हणाला, बाबांच्या चार्जरमध्ये. एक म्हणाली, गणिताच्या सरांच्या डस्टरमध्ये. सर, नाव सांगणार नाही. आणि एक सहा वर्षांची मुलगी, जंतांसाठी दोनदा येऊन गेलेली, हाताची बोटं पसरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "त्याच्या नखांत."

गेल्या वर्षी एका पुस्तक प्रदर्शनात मला त्याच पुस्तकाची अख्खी प्रत मिळाली. उभ्या उभ्या शेवट वाचला. पोपटच निघाला. ती प्रत मी टेबलाच्या खणात ठेवली आहे, कुलूप लावून.

टोपल्या उचला गं.