समुद्रकाठचे घर आणि तेथील हवा



तिरोड्यात समुद्रकाठच्या घरावर व्याख्यान म्हटले की काहींना हसू येईल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर; आपले पाणी वैनगंगेचे आणि तलावांचे. पण वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर चढला की निवृत्त माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो : फंडाचे पैसे हाती आहेत, कोकणात समुद्राजवळ लहानसे घर घ्यावे आणि उरलेले दिवस वाऱ्यावर काढावेत.

माझ्या एका शिक्षक स्नेह्यांनी दोन वर्षांपूर्वी हेच मनात घेतले आणि मलाही बरोबर नेले. आम्ही गेलो डिसेंबरात. कोवळे ऊन, स्वच्छ आकाश, दारापुढे माड. गुरुजी तेथेच इसार द्यायला निघाले. मी म्हटले, "गुरुजी, घर डिसेंबरात आवडले. आता ते मे महिन्यात पाहू, जुलैत पाहू, मग इसार द्या." ते रागावले, पण थांबले. जन्माची पुंजी पुन्हा उभी राहत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते.

मे महिन्यात तेथे पारा ३३ अंश होता. आपल्यापेक्षा अकरा-बारा अंश कमी! तरी गुरुजी घामाने निथळत होते. याचे कारण सोपे आहे. अंगावरचा घाम वाळतो तेव्हा तो अंगातली उष्णता घेऊन जातो. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून घाम चटकन वाळतो. म्हणूनच वाळ्याचा कूलर आपल्याकडे खोली गार करतो. किनाऱ्यावरची हवा आधीच ओली. तेथे घामही वाळत नाही आणि कूलरही चालत नाही. तेथे आधार एकच, वाऱ्याचा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन निवली की मतलई वारे उलट वाहतात. मधल्या वेळी हवा पडते. तेव्हा पश्चिमेला शेजारची इमारत उभी असेल, तर समुद्र दोनशे पावलांवर असूनही उपयोग नाही.

पण ज्या खिडकीतून वारा येतो, त्याच खिडकीतून जुलैत पाऊस येतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत ३००० च्या वर. आणि तो वाऱ्याबरोबर आडवा मारतो. आम्ही जुलैत गेलो तेव्हा डिसेंबरातल्या त्याच पांढऱ्या भिंतीवर हिरवट बुरशी चढली होती, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येत होता. जुने कोकणी लोक हे जाणून होते. त्यांचे घर माडांच्या आडोशाला, जोते उंच, भिंती जांभ्या दगडाच्या, छप्पर उतरते, पुढे पडवी. आणि पावसाळ्याआधी पडवीला नारळाचे झाप बांधलेले. समुद्राचे दर्शन त्यांनी घरात बसून मागितले नाही. ते पुळणीवर जाऊन घेतले.

आता नव्या घरांकडे पाहा. खाऱ्या हवेतले मीठ भेगांतून आतल्या सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की फुगते, आणि फुगले की काँक्रीट फोडते. वरचा रंग नवा असतो. म्हणून घर घेणाऱ्याने रंग न पाहता छज्ज्यांची खालची बाजू पाहावी. विहिरीचे पाणी पाहायचे ते मे महिन्यात. एवढा पाऊस पडूनही तो उतारावरून समुद्राला मिळतो, आणि किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहीर मचूळ होते.

वादळाचेही तसेच. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. छपरे उडाली, नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी पुन्हा धरायला वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाला फटका बसला. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत, २०१९ मध्ये त्यांत फेरफार झाले. तो कागद पाहिल्यावाचून पाऊल टाकू नये. हा नियम पुष्कळांना जाच वाटतो. पण समुद्र आपली हद्द कधी पुढे सरकवील, याची हमी विकणारा माणूस देऊ शकत नाही.

मग गुरुजींनी काय केले? त्यांनी घर घेतले नाही, आणि बेत सोडलाही नाही. किनाऱ्यापासून थोडे आत, उंचवट्यावर, एक जुने कौलारू घर त्यांनी मृग ते मृग भाड्याने घेतले आहे. वर्षाचे सगळे ऋतू अंगावर घेतल्यावर ते ठरवतील. घर पाहावे बांधून, असे आपण म्हणतो. दूरदेशीचे घर आधी पाहावे राहून.

शेवटी एक गोष्ट आपल्याच अंगणातली. तिरोड्याच्या उन्हाळ्यापासून आपण पळू पाहतो. पण मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर पाडून उघडी स्लॅब आपणच घातली. ती दिवसभर तापते आणि रात्रभर आपल्यावर उष्णता सोडते. कोकणचे घर निवडताना जी चौकशी करायची, ती आपल्या घराचीही केली, सावलीला दोन झाडे लावली, स्लॅबवर पांढरा चुना दिला, तर फंडाचे पैसे वाचतील आणि समुद्र पाहायला डिसेंबरात पाहुणे म्हणून जाता येईल.