सी ड्राइव्हचा हिशेब लागत नाही तेव्हा



सी ड्राइव्हमध्ये दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज त्याची पट्टी लाल करते. आपला पहिला संशय लग्नाच्या व्हिडिओंवर. ते पेन ड्राइव्हवर हलवले, तरी आठवड्याभरात पट्टी पुन्हा लाल. मग सगळे फोल्डर निवडून, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायच्या. समजा, बेरीज आली १४० जीबी आणि ड्राइव्ह म्हणतो २२५ भरलेत. मधले ८५ जीबी गेले कुठे? व्हायरस असेल, असं सांगणारा एक तरी हितचिंतक भेटतोच. बहुतेक वेळा तसं काही नसतं.

ड्राइव्हचा आकडा सहसा बरोबर असतो. अपुरी असते ती आपली बेरीज. सी ड्राइव्ह उघडल्यावर विंडोज ज्या फाइली दाखवतच नाही, त्या आपण निवडणार कशा? आणि ज्या फोल्डरात शिरायची आपल्याला परवानगी नाही, त्यांतलं काहीच मोजलं जात नाही. घरात मुलीचं वेगळं खातं असेल, तर तिचे सगळे डाउनलोड हिशेबातून गळतात. तिचा रिसायकल बिनही वेगळा असतो. तुम्ही आपला रिकामा केलात, तरी तिचा तुडुंब.

न दिसणाऱ्यांत मोठी असामी म्हणजे हायबरफिल. संगणक हायबरनेट करताना रॅममधला मजकूर या फाइलीत उतरवला जातो. विंडोज १० मध्ये ती सहसा रॅमच्या ४० टक्के, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास. हायबरनेट कधीच वापरत नसाल, तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’ असं इंग्रजीत टाइप करा. फाइल जाते. मात्र फास्ट स्टार्टअपही बंद होतं, ते चालणार असेल तरच.

सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रतीही अशाच दडलेल्या असतात. सिस्टिम प्रोटेक्शनमध्ये त्यांची कमाल मर्यादा खाली ओढता येते. विंडोजची नवी आवृत्ती नुकतीच घेतली असेल, तर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर कित्येक जीबी अडवतं. दहा दिवसांनी ते सहसा आपोआप निघतं.

‘क्लीनर’ म्हणून मिरवणारी सॉफ्टवेअर्स मी तरी टाकणार नाही. आधी मोजा. त्यासाठी विनडिरस्टॅट किंवा विझट्री हे सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. प्रत्येक फाइल रंगीत चौकोनासारखी दिसते. जितकी मोठी फाइल, तितका मोठा चौकोन. पडद्याचा कोपरा एकाच फोल्डरातल्या चौकोनांनी व्यापला असेल, तर ते फोल्डर कुणाचं ते बघा. आयफोन संगणकाला जोडून बॅकअप घेणाऱ्यांच्या घरी ते बरेचदा ‘मोबाइलसिंक’ निघतं, आणि त्यात विकून टाकलेल्या फोनचाही बॅकअप सापडतो.

विनएसएक्सएस नावाचं फोल्डर मात्र फुगलेलं दिसलं तरी हाताने पुसू नका. त्यातल्या पुष्कळ फाइली दोन ठिकाणी दिसतात, पण डिस्कवर जागा एकदाच घेतात. त्याची सफाई डिस्क क्लीनअपमधल्या ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ या बटणावर सोपवा.