मिथेनचा पुरा हिशोब



 धातूचे सुटे, एकेकटे अणू उत्प्रेरक म्हणून वापरून मिथेनपासून मिथेनॉल किंवा ॲसेटिक ॲसिड बनवण्याच्या संशोधनाला सध्या बहर आला आहे. त्याचे मोल मात्र आपण अपुऱ्या मापाने मोजतो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. किती कमी तापमानाला किती माल निघाला, हे आपण ठळकपणे छापतो. त्यातला ऑक्सिजन कुठून आणला आणि तयार माल पाण्यातून वेगळा कसा करणार, हे सांगायचे राहून जाते.

मुळात हा खटाटोप हवाच कशाला, असे कारखानदार विचारतात. आजही मिथेनॉल बनतेच: ८०० अंशांच्या वर मिथेन आणि वाफ यांच्यापासून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन मिळवायचे, मग ते तांब्याच्या उत्प्रेरकावरून न्यायचे. ही पद्धत उत्तम चालते, पण ती परवडते प्रचंड आकारात. मुंबई हायचा वायू समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळते. जिथे असा नळ नाही तिथे तो जाळून टाकतात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू असा जळाला. मिथेन द्रवरूपात न्यायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. मिथेनॉल साध्या टाकीत भरता येते. विखुरलेल्या वायूसाठी छोटी, कमी तापमानाची प्रक्रिया हवी आहे, यात शंका नाही.

अडचण रेणूतच आहे. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३९ किलोज्यूल लागतात, मिथेनॉलमधला सुमारे ४०२. म्हणजे जो उत्प्रेरक मिथेनला हात लावू शकतो, त्याला मिथेनॉल जाळून कार्बन डायऑक्साइड करणे अधिकच सोपे. इथे सुट्या अणूचे महत्त्व कळते. टफ्ट्स विद्यापीठातल्या मारिया फ्लायत्झानी-स्टेफानोपोलस यांच्या गटाने २०१७ साली झिओलाइटवर ऱ्होडियमचे सुटे अणू बसवले आणि पाण्यात, १५० अंशांच्या आसपास, मिथेन, ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइड यांपासून ॲसेटिक ॲसिड मिळवले. अणू खरोखर सुटे आहेत की नाहीत, हे पारखायची एक सुंदर रीत आहे. पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड सोडून अवरक्त वर्णपट घ्यायचा. एकाच ऱ्होडियमवर दोन रेणू बसले की शेजारीशेजारी दोन रेषा उमटतात. दोन ऱ्होडियम अणूंना जोडणाऱ्या रेणूची रेषा मात्र दिसत नाही. ॲसेटिक ॲसिड पुढे जळायला मिथेनॉलपेक्षा चिवट असते, म्हणून मला ही वाट अधिक आशेची वाटते.

आता हिशोब मांडू. कितीतरी प्रयोगांत ऑक्सिजनसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. मिथेनॉलच्या एका रेणूला त्याचा निदान एक रेणू लागतो. एकाचा रेणुभार ३२, दुसऱ्याचा ३४. म्हणजे एक थेंबही वाया गेला नाही तरी टनभर मिथेनॉलमागे टनाहून अधिक पेरॉक्साइड खर्ची पडते, आणि ते मिथेनॉलपेक्षा महाग असते. वर ते बनवायला हायड्रोजन लागतो, जो बहुतांशी नैसर्गिक वायूपासूनच, त्याच ८०० अंशांवरच्या भट्टीत तयार होतो. ऱ्होडियमच्या प्रयोगातला कार्बन मोनॉक्साइडही सहसा तिथूनच येतो. जी भट्टी टाळायची म्हणून आपण निघालो, ती अशी मागच्या दाराने परत येते.

मूलभूत संशोधनाला बाजारभाव लावू नये, असा आक्षेप यावर येईल. तो मी हलका मानत नाही, पण प्रश्न केवळ पैशांचा नाही. पेरॉक्साइडपासून पाण्यात हायड्रॉक्सिल मुक्तमूलके सहज सुटतात आणि मिथेनवर हल्ला बऱ्याचदा तीच करतात. धातूचा अणू तिथे मूलके मोकळी करण्यापुरताच उरला असेल, तर त्यावरून शिकलेला धडा हवेतल्या ऑक्सिजनला लागू पडेलच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मिथेन पचवणारे जिवाणूसुद्धा ऑक्सिजनच्या रेणूतला एकच अणू मिथेनला देतात आणि दुसऱ्याचे पाणी करण्यासाठी आपली ऊर्जा खर्चतात. निसर्गालाही ही किंमत चुकत नसेल, तर सहायक अभिक्रियाकारक वापरण्यात गैर काय? काहीच नाही. पण मग तो ताळेबंदात दिसला पाहिजे. ऱ्होडियमच्या दुर्मिळतेची काळजी मला त्यामानाने कमी वाटते; उत्प्रेरक टिकला आणि पाण्यात झिरपून गेला नाही, तर धातू परत मिळवता येतो.

राहिला वेगळे काढण्याचा प्रश्न. मिथेनॉल ६५ अंशांना उकळते, ॲसेटिक ॲसिड ११८ ला. म्हणजे ॲसेटिक ॲसिडचे द्रावण विरळ असेल आणि ऊर्ध्वपातन करायचे म्हटले, तर आधी सगळे पाणीच उडवत बसावे लागेल. म्हणून माझी सूचना आहे की या परिषदेत वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधात तीन आकडे असावेत: ग्रॅमभर मालामागे ऑक्सिडीकारक आणि सहायक वायू किती खर्च झाला, द्रावणात माल शेकडा किती होता, आणि उत्प्रेरक किती तास टिकला. पुढच्या अधिवेशनापासून निबंधांच्या निवडीत हा नियम लागू करावा, असा ठराव मी आजच कार्यकारिणीपुढे ठेवत आहे.