उन्हाळी सुटी, खाऱ्या पाण्यातील गळ आणि तिथीचा हिशोब

(किनारपट्टीवरील ग्रामस्थ, शिक्षक व पंचायतींचे पदाधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा आटोपल्या की चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या घाटांतून गोव्याच्या किनाऱ्याकडे कुटुंबांची रीघ लागते. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर येथून तर लोक येतातच. पण हैदराबाद, इंदूर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली मराठी घराणीही देवदर्शन आणि समुद्रस्नान यांचा दुहेरी बेत आखून उतरतात. यांपैकी काहींच्या सामानात गळाची काठी असते. घटप्रभेच्या काठी अथवा गावच्या तळ्यावर ज्याने चार उन्हाळे गळ टाकला आहे, त्याला वाटते की पाणी ते पाणी. खारे झाले म्हणून काय झाले? येथेच पहिली चूक होते. तळ्याचे पाणी माणसाची वाट पाहत थांबते, समुद्राचे पाणी थांबत नाही. म्हणून खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा बेत खोलीच्या आरक्षणापासून नव्हे, तर पंचांगापासून सुरू झाला पाहिजे. पाहुण्यांना घरी उतरवून घेणाऱ्या ग्रामस्थांनी आणि मुलांच्या सहली आणणाऱ्या शिक्षकांनी ही गोष्ट अगोदर समजून घेतलेली बरी.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि प्रत्येक दिवशी भरतीची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे, हे शाळेच्या पुस्तकात असते. कोकणच्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांनी तेच ज्ञान एका सोप्या हिशोबात बसविले आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईकडच्या पाण्याला अधिक लागू पडतो. गोव्यात भरती त्याच्या आधी, साधारणपणे तासाभराने लवकर येते, हे ध्यानात धरावे. शिवाय गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातील दोन्ही भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान. नेमकी वेळ व उंची हवी असेल त्याने भारतीय सर्वेक्षण विभागाचे मुरगाव बंदराचे कोष्टक पाहावे. परंतु घरी बसून मे महिन्यातील कोणते चार दिवस निवडावेत, एवढे ठरविण्यास भिंतीवरचे पंचांग पुरेसे आहे.

मग कोणते दिवस निवडावेत? अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. त्या दिवसांत गोव्याच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर सुमारे दोन मीटरपर्यंत जाते आणि नदीच्या मुखाशी पाणी सपाट्याने धावते. अनुभवी मच्छीमार या पाण्याचा उपयोग करून घेतो. नवख्याच्या गळाचे शिसे मात्र तळाशी टिकत नाही, दोरी वाहून खडकात अडकते आणि तो अडकलेला गळ सोडविण्यासाठी माणूस नको तेथे पाय ठेवतो. याउलट अष्टमीपासून एकादशीपर्यंत, शुद्ध असो वा वद्य, भांगाचे पाणी असते. चढउतार कमी, ओढ सौम्य. वरच्या हिशोबाप्रमाणे या तिथींना संध्याकाळची भरती पाच ते सातच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे ऊन कलल्यावर, वाढत्या पाण्यावर, दिवसाच्या उजेडात दोन-तीन तास मिळतात. लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबाला याहून चांगली संधी नाही. पाणी चढू लागले की खाडीतील मासा कडेला चरायला येतो. पाणी पूर्ण भरून निश्चल झाले की गळाला तोंड लावीनासा होतो. ओहोटी लागल्यावर पुन्हा काही काळ हालचाल असते. सुकतीच्या ऐन वेळी गळ घालून बसणे म्हणजे उन्हात बसणे होय, दुसरे काही नाही.

तिथीइतकेच महत्त्व महिन्याला आहे. एप्रिल आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा हा बेत आखण्यास योग्य. त्यानंतर समुद्राचा स्वभाव बदलू लागतो. मोसमी वारे गोव्यात पोहोचतात ते सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात. पण त्यांच्या आधीच दूर दक्षिणेकडील महासागरात उठलेल्या लांब लाटा या किनाऱ्यावर येऊन आदळतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही लाट मोठी, असा हा प्रकार असतो. ज्याने केवळ आभाळ पाहून निर्णय घेतला तो फसतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा उंच लाटांचे इशारे देते, ते निघण्यापूर्वी आणि रोज सकाळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा मे महिन्याच्या मध्यावरही समुद्र काय करू शकतो, हे सर्वांनी पाहिले.

आता जागेविषयी. वागातोर, हणजुणे, दोनापावल अशा ठिकाणी समुद्रात शिरलेले खडक पाहिले की हौशी माणसाला तेथेच उभे राहावेसे वाटते. खडकाच्या कपारीत गोब्रा असतो हे खरे. पण खडकावरील मासेमारी ही सुटीच्या पहिल्या दिवशी करण्याची गोष्ट नव्हे. लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा-पंधरा लहान लाटांनंतर तीन-चार मोठ्या लाटांचा घोळका येतो. म्हणून खडकावर जाण्यापूर्वी वीसेक मिनिटे मागे उभे राहून नुसते पाहावे. जो खडक ओला आहे किंवा ज्यावर हिरवे-काळे शेवाळ आहे तेथे लाट पोहोचते, हे खडकच सांगत असतो. कोरड्या, पांढुरक्या भागाच्या खाली उतरू नये. समुद्राकडे पाठ करून आमिष लावीत बसू नये. आणि मुख्य म्हणजे, येताना पायवाट कोरडी होती म्हणून परतताना ती तशीच असेल असे समजू नये. भरतीचे पाणी माणसाच्या मागून येऊन त्याची वाट तोडते.

वाळूच्या किनाऱ्यावर वेगळा धोका आहे, आणि तो अधिक फसवा आहे. लाटा फुटताना नीट पाहिले तर त्यांच्या मध्ये एखादा पट्टा शांत, गडद रंगाचा दिसतो. तेथे लाट फुटत नाही, कारण खाली खळगा असतो. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्या वाटेने समुद्राकडे परत जाते. गळ टाकणाऱ्यास हा पट्टा उत्तम, कारण वाळूतून उचकटलेले किडे व शिंपल्यांतील जीव तेथे वाहत येतात आणि मुडदुशीसारखा मासा त्यांवर टपून असतो. पण पोहणाऱ्याला तोच पट्टा शांत दिसतो, म्हणून तो नेमका तेथेच उतरतो आणि ओढीत सापडतो. गळासाठी जी जागा सर्वांत चांगली, तीच आंघोळीसाठी सर्वांत वाईट. वडील गळ टाकीत आहेत आणि मुले त्यांच्या शेजारी पाण्यात खेळत आहेत, हे चित्र दिसावयास गोड असले तरी यजमानाने ते ताबडतोब मोडावे. मुलांनी जीवरक्षकांच्या तांबड्या-पिवळ्या निशाणांच्या मध्ये राहावे. वडिलांनी तेथून दूर, गुडघ्याहून खोल न जाता गळ टाकावा. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे. परंतु ती ठरावीक किनाऱ्यांवर आणि ठरावीक वेळेत असते. रात्री गळ टाकणाऱ्यावर लक्ष ठेवायला कोणी नसते.

या सर्वांचा विचार करता नवख्या कुटुंबासाठी खाडीचा काठ उत्तम. शापोरा, साळ, तळपण या नद्यांच्या मुखांपासून थोडे आत, जेथे पाणी खारे असते पण लाट नसते, अशी ठिकाणे गावकऱ्यांना ठाऊक असतात. तेथे कालुंदर मिळतो, लहान तांबोशी मिळते आणि नशीब असेल तर चोणक, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात. शेवटो, म्हणजे गोव्याचा राज्यमासा, पाण्यातून उड्या मारताना दिसेल. पण तो चिखलावरील शेवाळ खाणारा असल्याने कोळंबीच्या आमिषाकडे बहुधा ढुंकूनही पाहणार नाही. पाहुण्यांना हे आधीच सांगून टाकावे, म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही. सामान फार लागत नाही. मध्यम जाडीची तंगूस, शिशाचे चार तुकडे, लहान-मोठ्या गऱ्या आणि ताजी कोळंबी किंवा बांगड्याचे तुकडे एवढे पुरे. महागडी काठी आणि यंत्र आणणाऱ्यापेक्षा हातदोरी धरून बसलेला गावचा मुलगा अधिक मासे काढतो, हा अनुभव नवीन नाही. त्या मुलाला किंवा त्याच्या आजोबांना सोबत घेणे आणि त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला देणे, हा संपूर्ण बेतातील सर्वांत उपयुक्त खर्च होय.

खाडीकाठी एक पथ्य मात्र पाळावे लागते. खाजण शेतीच्या बांधांत ठिकठिकाणी मानशी आहेत. भरतीचे खारे पाणी अडविणारी आणि ओहोटीला आतील पाणी बाहेर सोडणारी ही दारे शेताचे रक्षण करतात, आणि तेथील मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. पाणी सुटताना मानशीच्या तोंडाशी मासा दाटीवाटीने येतो, म्हणून पाहुण्याचे पाय तिकडे वळतात. तेथील मासा कोणाच्या तरी पैशांचा आहे, हे त्याला दिसत नाही. परवानगीवाचून तेथे गळ टाकू नये, बांध तुडवू नये, आणि फळ्यांना तर हातही लावू नये.

हेच रापणीच्या बाबतीत. पहाटे किनाऱ्यावर दोन्ही टोकांनी ओढले जाणारे ते लांब जाळे पाहणे हा मुलांसाठी एक धडाच आहे. पण त्या किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी रापणकारांना किती झगडावे लागले, हे पाहुण्यांना माहीत नसते. १९६० नंतर यांत्रिक ट्रॉलर आले, ते किनाऱ्याजवळ शिरू लागले, आणि १९७० च्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. १९८० च्या गोवा, दमण व दीव सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना वर्ज्य ठरला. सुटीतील गळाची दोरी पडते ती याच पट्ट्यात. रापण पाण्यात असताना तिच्या घेऱ्यात गळ टाकणाऱ्याला कोणी हटकले तर त्याचा राग मानण्याचे कारण नाही.

पकडलेल्या माशाचे काय करावे, याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. चोणक हा मासा काही वर्षे नर म्हणून जगतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सर्वांत मोठा चोणक, ज्याच्याबरोबर प्रत्येकाला छायाचित्र काढून घ्यावेसे वाटते, तो बहुधा मादी असतो. आणि पावसाच्या तोंडावर नदीमुखाशी अंडी घालण्याची तिची वेळ जवळ आलेली असते. गोब्र्याचे नेमके उलट आहे, तो आधी मादी व नंतर नर होतो. त्यामुळे मोठे गोब्रे काढत गेल्यास नर उरत नाहीत. लहान तांबोशी खाडीत वाढून पुढे समुद्रातील खडकांकडे जाते, म्हणून वीतभर तांबोशी टोपलीत टाकणे म्हणजे पीक हिरवेच कापणे होय. मोठी मादी आणि अगदी लहान पोर, दोन्ही पाण्यात परत सोडावीत. मधल्या आकाराचे, एका वेळच्या जेवणापुरते ठेवावेत. सोडायच्या माशाला ओल्या हाताने धरावे, कोरड्या वाळूवर टाकू नये. १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, ती याच कारणाने. त्या बंदीत बिगरयांत्रिक होड्या येत नाहीत; पण पाहुण्यांनी त्या दिवसांत समुद्रावर गळाचा बेत आखूच नये, कारण तेव्हा समुद्रच परवानगी देत नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीचे आहेत. उशिरा घातलेल्या अंड्यांतून पिल्ले मे महिन्यापर्यंत बाहेर पडतात. तेथे रात्री दिवे घेऊन गळ टाकण्याचा विचार सोडून द्यावा. प्रकाशाने पिल्ले समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

होडीने जायचे असल्यास ती बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेली आहे का, आणि माणशी एक तरंगणारे जाकीट आहे का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर गुळमुळीत आले तर उतरावे. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक यजमानाने खोलीच्या दारावर लिहून ठेवावा.

शेवटी काही किरकोळ पण वेळेवर आठवली पाहिजेत अशी माहिती. शेंगटीच्या पंखांतील काटा हाताला लागला किंवा उथळ पाण्यात वागळ्याचा, म्हणजे पाकटाचा, काटा पायाला लागला, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी, वेदना उतरते. नंतर डॉक्टरकडे जावे. काटा खोल रुतला असेल तर उपटू नये. पाण्यात चालताना पाऊल उचलून न टाकता घसटत न्यावे, म्हणजे वागळे आधीच दूर होते. जेलीफिशचा स्पर्श झाल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवावे, गोडे पाणी ओतू नये, चोळू नये. फुगून चेंडूसारखा होणारा केंड गळाला लागला तर तो कितीही मांसल दिसला तरी खाऊ नये. त्याचे विष शिजवूनही जात नाही. बांगडा उन्हात तासन्‌तास राहिला तर त्यातही बाधक द्रव्य तयार होते, म्हणून बर्फाची पेटी गळाच्या आधी बांधावी. आणि तुटलेली तंगूस किनाऱ्यावर टाकू नये; तिच्यात पक्षी, कासवे आणि रापणकारांचे पाय अडकतात. ती गुंडाळून घरी न्यावी.