हिमनदीवरचा उन्हाळा

मे महिन्यात, समुद्रकाठच्या रेडी गावात, बर्फावर बोलायला मी उभा आहे. पण हा विषय तुम्हाला वाटतो तितका दूरचा नाही. गोव्याची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. याच केंद्राने २०१६ मध्ये स्पितीत, चार हजार मीटरच्या वर, ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र उघडलं. हिमालयातल्या काही हिमनद्यांचं मोजमाप समुद्रकाठच्या या संस्थेतून चालतं.

आज मात्र मोजमापाबद्दल नाही, त्या बर्फावरून चालण्याबद्दल आणि घसरण्याबद्दल सांगायचं आहे. रज्जुमार्गाने वर जाऊन खाली घसरायचं, ते स्कीइंग आपण चित्रपटांत पाहतो. स्कीवरच्या डोंगरयात्रेत रज्जुमार्ग नसतो. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागे झुकलेले असतात, म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, आता नायलॉनची किंवा मोहेर लोकरीची असते. चढताना टाच मोकळी. माथ्यावर पट्टी सोलून काढायची, टाच जखडायची आणि उतरायचं.

उन्हाळ्यात या सगळ्यावर राज्य घड्याळाचं. रात्री आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि त्याचा वरचा थर कडक गोठतो. ढग असतील तर ती उष्णता अडते आणि थर कच्चा राहतो. म्हणून अंधारातच निघायचं. सकाळी ऊन लागलं की वरचे एक-दोन इंच सैल होतात, खाली टणक थर शाबूत असतो. उतरण्याची वेळ हीच. आणखी उशीर केला तर पाणी खाली मुरतं, थरांची पकड सुटते आणि ओला बर्फ उतारावरून कोसळतो. भरती-सुकती बघून होडी लोटणाऱ्या गावाला हे वेगळं समजवायला नको.

दुसरा धोका पायाखाली असतो. हिमनदी वाहते, वाकते आणि भेगाळते. भेगांवर हिवाळी बर्फाचे पूल पडतात आणि उन्हाने ते दुपारी मऊ होतात. स्कीमुळे वजन पसरतं, एवढाच आधार. म्हणून कमरेला पट्टा, सोबत्याशी दोर आणि भेगेतून माणूस वर काढण्याचा सराव, हे तिन्ही हवंच. डोळ्यांना काळा चष्माही हवा, कारण ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो.

आपल्या देशात हे कुणी केलं? कर्नल नरेंद्र कुमार यांनी. नीळकंठ शिखरावर १९६१ मध्ये हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटं गेली. १९७६ मध्ये त्यांनी गढवालमधल्या त्रिशूळवर, ७,१२० मीटरच्या शिखरावर, स्की मोहीम नेली. याच त्रिशूळवर १९०७ मध्ये जून महिन्यात गिर्यारोहक टॉम लाँगस्टाफ पोहोचले होते. पुढे १९७८ मध्ये कुमार सियाचेन हिमनदीवर मोहीम घेऊन गेले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्रिशूळची ही मोहीम मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कुठे दिसली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. बोटं गमावलेल्या पायाला स्की बांधून सात हजार मीटरच्या डोंगरावर जाणं म्हणजे काय, हे मुलांना कळायला हवं.

त्याच त्रिशूळवर ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईहून निघालेल्या नौदलाच्या मोहिमेवर हिमकडा कोसळला आणि माणसं गेली. ती प्रशिक्षित माणसं होती. म्हणून शिखराजवळून परत फिरणाऱ्याला कुणी घाबरट म्हटलेलं मला सहन होत नाही. थर गोठला नाही, ढग आले, वेळ टळली, तर परतायचं. शिखर गाठणं त्यापुढे दुय्यम.

इथल्या तरुणांनी विचारलंय, सुरुवात कुठून करावी. स्कीचे वर्ग हिवाळ्यात मनालीला आणि गुलमर्गला चालतात. दोर, भेगा आणि बचाव हे सगळं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या अभ्यासक्रमांत शिकवतात. आधी उत्तरकाशीला जा, स्की नंतर घ्या. आणि जायच्या आधी इथल्या यशवंतगडाची चढण पाठीवर ओझं घेऊन रोज करा. फुप्फुसं तिथेच तयार व्हायला लागतील.